प्रोटीन पावडरने पोट बिघडतंय? नवा डबा घेण्याआधी दुधातलं नेमकं काय सोसत नाही ते ओळखा

पुण्यात आम्ही चौघं एका फ्लॅटवर राहायचो तेव्हाची गोष्ट. चौघांनी मिळून जिम लावली. पहिल्या आठवड्यात अंग दुखलं, दुसऱ्या आठवड्यात आरशात बघणं सुरू झालं आणि तिसऱ्या आठवड्यात घरात प्रोटीन पावडरचा भलामोठा डबा आला. चौथ्या आठवड्यात दोघांची तक्रार सुरू झाली, "पावडर सोसत नाही यार."

एकाला प्यायल्यावर तासाभरात पोट फुगायचं, गुडगुड व्हायची आणि सकाळच्या लेक्चरला बसणं मुश्कील व्हायचं. दुसऱ्याला तोंडाला खाज यायची आणि मानेवर लालसर गांधी उठायच्या. दोघांनी जिममधल्या ट्रेनरला विचारलं. त्याने दोघांनाही एकच उत्तर दिलं, "तुम्हाला दूध चालत नाही. आयसोलेट घ्या, त्यात लॅक्टोज नसतं."

दोघांनी पैसे काढून महागडा डबा आणला. पहिल्याचं पोट दोन दिवसांत ताळ्यावर आलं. दुसऱ्याचे मात्र पहिल्याच ग्लासनंतर ओठ सुजले, छातीत घरघर सुरू झाली आणि आम्ही त्याला रिक्षात घालून हॉस्पिटल गाठलं.

सल्ला एक, डबा एक. मग एकाला औषध आणि दुसऱ्याला विष असं का झालं?

उत्तर सोपं आहे. "मला दूध चालत नाही" या एका वाक्यात दोन वेगळे आजार लपलेले असतात. तुमचा कोणता हे कळल्याशिवाय कोणतीही पावडर चांगली किंवा वाईट ठरवता येत नाही. त्यामुळे आधी तेच समजून घेऊ, मग डब्यांकडे वळू.

दूध सोसत नाही म्हणजे नेमकं काय सोसत नाही?

दुधात मुख्यतः पाणी, स्निग्धांश, साखर आणि प्रथिनं असतात. यातल्या साखरेचं नाव लॅक्टोज. गाईच्या दुधात ती साधारण पावणेपाच टक्के असते. म्हणजे २५० मिलीच्या ग्लासात जवळपास १२ ग्रॅम. प्रथिनं तीन-साडेतीन टक्के असतात आणि ती दोन प्रकारची. सुमारे ८० टक्के केसिन आणि २० टक्के व्हे.

आता त्रास दोन ठिकाणी होऊ शकतो, साखरेचा किंवा प्रथिनाचा.

पहिला प्रकार म्हणजे साखर न पचणं, ज्याला लॅक्टोज इनटॉलरन्स म्हणतात. लॅक्टोज पचवायला आपल्या लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं एन्झाइम असतं. नावं सारखी आहेत, पण लॅक्टोज ही साखर आणि लॅक्टेज ही ती कापणारी कात्री. बाळ असताना ही कात्री धारदार असते, कारण दूध हेच जेवण असतं. वय वाढलं की बऱ्याच लोकांमध्ये ती बोथट होत जाते. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, पुढे मोठ्या आतड्यात जाते आणि तिथल्या जिवाणूंची मेजवानी सुरू होते. त्यातून गॅस तयार होतो. पोट फुगणं, गुडगुड, कळा, पातळ संडास हे सगळं तिथून येतं.

हा काही दुर्मिळ आजार नाही. जगातल्या जवळपास दोन तृतीयांश मोठ्या माणसांमध्ये हे एन्झाइम कमी झालेलं असतं. भारतात वायव्येकडच्या लोकांना दूध तुलनेने चांगलं पचतं आणि दक्षिणेकडे व पूर्वेकडे जाल तसं ते प्रमाण घटत जातं. म्हणजे जगाच्या हिशोबाने मोठेपणी दूध पचणं हाच अपवाद.

कधी कधी हा त्रास तात्पुरताही असतो. जोरदार जुलाब-उलट्या होऊन गेल्या की आतड्याचं अस्तर दुखावतं आणि काही आठवडे दूध पचत नाही. अस्तर भरून आलं की पुन्हा पचू लागतं.

दुसरा प्रकार म्हणजे दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी. इथे पचनाचा प्रश्न नसतो. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा केसिन किंवा व्हे या प्रथिनांनाच शत्रू समजते आणि हल्ला चढवते. अंगावर गांधी उठणं, ओठ-जीभ-डोळे सुजणं, उलटी, शिंका, छातीत घरघर, चक्कर अशी लक्षणं काही मिनिटांत ते दोनेक तासांत दिसतात. ही ॲलर्जी लहान मुलांत जास्त असते आणि अनेकांची वयाबरोबर जाते, पण काहींची राहते. हिची रिॲक्शन जिवावर बेतू शकते.

आमच्या पहिल्या मित्राला साखरेचा त्रास होता. आयसोलेटमध्ये साखर जवळपास नव्हती, तो सुटला. दुसऱ्याला प्रथिनाची ॲलर्जी होती. आयसोलेट म्हणजे तेच प्रथिन आणखी शुद्ध करून दिलेलं. ज्याची भीती होती तेच त्याने जास्त प्यायलं.

मग आपला प्रकार कोणता, हे कसं ओळखायचं?

लक्षणं फक्त पोटाच्या खालच्या भागात आहेत का, हे आधी बघा. गॅस, फुगणं, गुडगुड, पातळ संडास एवढंच होत असेल आणि ते अर्ध्या ते दोन तासांत होत असेल, तर संशय लॅक्टोजवर. अशा लोकांना बहुतेकदा दही-ताक बऱ्यापैकी चालतं, कारण विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच फस्त करतात आणि उरलेला पचवायलाही मदत करतात. पनीरही चालतं, कारण लॅक्टोजचा मोठा भाग पाण्याबरोबर निघून गेलेला असतो.

याची खात्री घरीही करता येते. दोन आठवडे दूध आणि दुधाचे पदार्थ पूर्ण बंद करा. त्रास गेला तर एक ग्लास साधं दूध पिऊन बघा आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी तेवढंच लॅक्टोज-फ्री दूध पिऊन बघा. साध्या दुधाने त्रास होतो आणि लॅक्टोज-फ्रीने होत नाही, तर गुन्हेगार साखरच आहे. डॉक्टरांकडे यासाठी श्वासाची तपासणीही असते. न पचलेल्या साखरेपासून आतड्यात हायड्रोजन तयार होतो, तो रक्तातून फुप्फुसात येतो आणि श्वासात मोजता येतो.

पण लक्षणं त्वचेवर, ओठांवर, घशात किंवा श्वासात दिसत असतील, तर यातला एकही प्रयोग घरी करायचा नाही. थेट ॲलर्जीच्या डॉक्टरांना भेटायचं. तिथे त्वचेची किंवा रक्ताची तपासणी होते. श्वास अडकतोय, जीभ सुजतेय, चक्कर येतेय असं झालं तर "थोडं थांबून बघू" म्हणायचं नाही. १०८ ला फोन लावायचा किंवा जवळचं हॉस्पिटल गाठायचं.

आणखी एक गोष्ट. वजन आपोआप कमी होत असेल, संडासात रक्त दिसत असेल, पोटदुखीने रात्री झोपमोड होत असेल किंवा रक्त कमी असल्याचं निघालं असेल, तर पावडरचा विषय बाजूला ठेवा आणि आधी पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. हे लॅक्टोजचं काम नाही.

व्हे, कॉन्सन्ट्रेट, आयसोलेट ही काय भानगड आहे?

घरी पनीर करताना तुम्ही पाहिलं असेल. दूध फाटलं की पांढरा चोथा वेगळा होतो आणि खाली हिरवट-पिवळं पाणी उरतं. चोथा म्हणजे मुख्यतः केसिन. त्या पाण्यात व्हे प्रथिन असतं आणि लॅक्टोजही. चीजच्या कारखान्यांत असं पाणी टँकरच्या हिशोबाने निघतं. ते गाळण्यांतून गाळून, सुकवून जी पावडर होते ती व्हे प्रोटीन.

किती गाळलं यावर प्रकार ठरतात.

कॉन्सन्ट्रेट म्हणजे कमी गाळलेलं. चांगल्या कॉन्सन्ट्रेटमध्ये सुमारे ८० टक्के प्रथिन आणि चार ते आठ टक्के लॅक्टोज असतं. ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये हे साधारण १ ते २.५ ग्रॅम होतं. हलक्या दर्जाच्या कॉन्सन्ट्रेटमध्ये प्रथिन ३५ टक्क्यांच्या आसपास आणि लॅक्टोज निम्म्याच्या घरात असू शकतं. दोन्हीला कॉन्सन्ट्रेटच म्हणतात, म्हणून नुसतं नाव वाचून उपयोग नाही.

आयसोलेट म्हणजे आणखी गाळलेलं. प्रथिन ९० टक्क्यांच्या आसपास आणि लॅक्टोज बहुतेकदा एक टक्क्याच्या खाली. म्हणजे स्कूपमागे पाव ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी. लॅक्टोजचा त्रास असलेल्या जवळपास सगळ्यांना एवढं चालून जातं.

हायड्रोलायसेट म्हणजे प्रथिनाचे आधीच तुकडे केलेलं. "प्री-डायजेस्टेड" म्हणून हे सगळ्यात महाग विकलं जातं आणि चवीला कडवट असतं. पण इथे तोडलेलं असतं ते प्रथिन. तुमची अडचण लॅक्टोज असेल तर तुकडे केलेल्या प्रथिनाने ती सुटत नाही. ते हायड्रोलायसेट आयसोलेटपासून केलंय की कॉन्सन्ट्रेटपासून, यावर लॅक्टोज ठरतं. आणि ॲलर्जी असेल तर प्रथिनाचे तुकडे झालेत म्हणून बाजारातली हायड्रोलायसेट सुरक्षित ठरत नाहीत.

केसिन पावडर पोटात जाऊन दह्यासारखी घट्ट होते आणि सावकाश पचते. काहींना ती त्यामुळेच जड वाटते.

स्कूपमध्ये एवढंच लॅक्टोज, तर पोट का बिघडतं?

इथे गंमत आहे. लॅक्टोज न पचणाऱ्या बहुतेक लोकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे ग्लासभर दुधाएवढं लॅक्टोज फारसा त्रास न होता चालतं, विशेषतः जेवणाबरोबर घेतलं तर. मग दोन ग्रॅमच्या कॉन्सन्ट्रेटने गोंधळ का होतो? कारणं बहुतेकदा आजूबाजूला असतात.

पहिलं कारण म्हणजे पावडर दुधात ढवळणं. आमचा मित्र हेच करायचा. दोन स्कूप कॉन्सन्ट्रेट आणि मोठा ग्लास दूध. पावडरमधून चारेक ग्रॅम आणि दुधातून पंधरा ग्रॅम लॅक्टोज, आणि शिव्या मात्र पावडरला. महागडा आयसोलेट आणून दुधात घालणं म्हणजे छत्री घेऊन पावसात भिजण्यासारखंच.

दुसरं कारण मास गेनर. गेनरचा एक स्कूप ७५-१०० ग्रॅमचा असतो आणि त्यात माल्टोडेक्स्ट्रिनसोबत अनेकदा स्किम्ड मिल्क पावडर घातलेली असते. दुधाच्या पावडरीत निम्मं वजन लॅक्टोजचं असतं. २० ग्रॅम मिल्क पावडर म्हणजे १० ग्रॅम लॅक्टोज.

तिसरं कारण गोडवा आणि घट्टपणा आणणारे पदार्थ. सॉर्बिटॉल, माल्टिटॉल, झायलिटॉल यांसारख्या साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या गोष्टी आणि इन्युलिनसारखे तंतू लॅक्टोजसारखेच मोठ्या आतड्यात जाऊन गॅस करतात. झँथन गम, ग्वार गमनेही काहींचं पोट फुगतं. म्हणजे दुधाचा अंशही नसलेल्या पावडरने तुमचं पोट बिघडू शकतं आणि तुम्ही दुधाला दोष देत बसता.

चौथं कारण म्हणजे आपली घाई. व्यायाम संपला की दोन स्कूप घटाघट पिणं, फेसासकट हवा गिळणं, आणि कालपर्यंत रोज ४० ग्रॅम प्रथिन खाणाऱ्याने आजपासून थेट १०० ग्रॅमवर जाणं. पोटालाही सराव लागतो.

दूध पूर्ण टाळायचं असेल तर पर्याय कोणते?

ॲलर्जी असेल, किंवा आयसोलेटही सोसत नसेल, तर दुधाबाहेरच्या पावडरी आहेत.

सोया आयसोलेटमध्ये शरीराला लागणारी सगळी आवश्यक अमिनो ॲसिड्स पुरेशी असतात. सोया म्हटलं की लोकांना सोया चंक्सची भाजी आणि नंतरचा गॅस आठवतो. तो गॅस होतो रॅफिनोज आणि स्टॅकियोज या साखरांमुळे, ज्या पचवायचं एन्झाइम माणसाकडे नसतंच. आयसोलेट करताना या साखरा बऱ्याच अंशी निघून जातात. त्यामुळे ज्याला चंक्स चालत नाहीत त्याला सोया आयसोलेट चालू शकतं. पण डब्यावर "सोया पीठ" किंवा नुसतं "सोया कॉन्सन्ट्रेट" असेल तर तो वेगळा माल आहे. काहींना सोयाचीच ॲलर्जी असते. थायरॉइडची गोळी चालू असेल तर गोळी आणि सोया यांत अंतर ठेवा, कारण सोयामुळे ती कमी शोषली जाऊ शकते. किती अंतर, ते डॉक्टरांना विचारा.

वाटाण्याचं प्रोटीन, म्हणजे पी प्रोटीन, पिवळ्या वाटाण्यापासून काढतात. यात लॅक्टोज नाही, ग्लुटेन नाही आणि बऱ्याच लोकांना ते हलकं जातं. मेथिओनिन हे अमिनो ॲसिड यात कमी असतं. तांदळाच्या प्रोटीनमध्ये ते बऱ्यापैकी असतं, पण तिथे लायसिन कमी, जे वाटाण्यात भरपूर असतं. म्हणून बाजारात वाटाणा आणि तांदूळ एकत्र केलेल्या पावडरी दिसतात. आपल्या आजीला हे शास्त्राच्या नावाने ठाऊक नव्हतं, पण ताटात वरण आणि भात शेजारी-शेजारी वाढण्यामागे तोच हिशोब आहे.

अंड्याच्या पांढऱ्याची पावडर हा दूध नसलेला आणि उत्तम दर्जाचं प्रथिन देणारा पर्याय आहे. अंडं खाणाऱ्याला आणि अंड्याची ॲलर्जी नसलेल्याला तो चांगला.

चव आणि पोत याबाबतीत मात्र वनस्पतीच्या पावडरी व्हेच्या मागे आहेत. जरा रवाळ लागतात, खाली गाळ बसतो. केळं किंवा कोको घालून मिक्सरला फिरवलं की काम भागतं.

डब्यावर काय वाचायचं?

समोरच्या बाजूला स्नायूंचे फोटो असतात, माहिती मागच्या बाजूला असते. म्हणून डबा हातात घेतला की आधी उलटा करा.

एक, ॲलर्जीची ओळ. भारतात फूड सेफ्टीच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार दूध, सोया, अंडं, शेंगदाणा, ग्लुटेन असलेली धान्यं यांसारखे घटक असतील तर ते लिहावं लागतं. ॲलर्जीवाल्यांसाठी ही डब्यावरची सगळ्यात महत्त्वाची ओळ.

दोन, हिरवा ठिपका बघून फसू नका. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी आणि आपल्याकडे दूध शाकाहारीच आहे. व्हेच्या डब्यावरही तोच ठिपका असतो. अंड्याच्या पावडरीवर तपकिरी त्रिकोण असतो, तो बघून दुधाचा अंदाज लागत नाही. प्राणिज काहीच नको असेल तर हिरव्या रंगातली व्ही अक्षराची व्हीगन खूण शोधा आणि तरीही ॲलर्जीची ओळ वाचा.

तीन, "लॅक्टोज-फ्री" म्हणजे "दूध-फ्री" नव्हे. साखर काढली तरी प्रथिन तिथेच असतं. "नॉन-डेअरी" लिहिलेल्या काही क्रीमरमध्येसुद्धा सोडियम केसिनेट असतं, म्हणजे दुधाचंच केसिन. घटकांच्या यादीत व्हे, केसिन, केसिनेट, मिल्क सॉलिड्स, मिल्क प्रोटीन, स्किम्ड मिल्क पावडर यातलं काहीही दिसलं तर ते दूधच.

चार, घटकांचा क्रम. सगळ्यात जास्त वजनाचा घटक पहिला लिहायचा असतो. पुढे मोठ्या अक्षरांत "आयसोलेट" आणि मागे यादीत पहिलं नाव "व्हे कॉन्सन्ट्रेट", तर तो मुख्यतः कॉन्सन्ट्रेटचा डबा आहे.

पाच, साखरेच्या दोन ओळी. "टोटल शुगर्स" आणि "ॲडेड शुगर्स" वेगळ्या असतात. लॅक्टोज ही दुधाची स्वतःची साखर असल्याने ती ॲडेडमध्ये येत नाही. म्हणून "नो ॲडेड शुगर" असलेल्या डब्यातही लॅक्टोज असू शकतं. फ्लेवर नसलेली साधी व्हे असेल तर कर्बोदकांचा जवळपास सगळा आकडा लॅक्टोजचाच असतो. स्कूपमागे कर्बोदकं एक ग्रॅम किंवा कमी असतील तर काळजीचं कारण नाही.

सहा, "ए-२" लिहिलंय म्हणून जास्त पैसे देऊ नका. ए-१ आणि ए-२ हा केसिनच्या एका प्रकारातला फरक आहे. ए-२ दुधातही लॅक्टोज तेवढंच असतं आणि ॲलर्जीवाल्यांसाठी ते सुरक्षितही नसतं. म्हशीच्या आणि शेळीच्या दुधाचंही तेच. गाईच्या दुधाची ॲलर्जी असणाऱ्या बहुतेकांना तीही चालत नाहीत.

लेबलवर लिहिलंय म्हणजे खरं का?

दुर्दैवाने, नेहमी नाही. २०२४ मध्ये केरळचे यकृततज्ज्ञ डॉ. सिरियॅक ॲबी फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या. 'मेडिसिन' या जर्नलमध्ये आलेल्या त्या अभ्यासात जवळपास ७० टक्के पावडरींमध्ये प्रथिनाची माहिती लेबलशी जुळत नव्हती. काहींमध्ये तर दाव्याच्या निम्मंच प्रथिन होतं. काही नमुन्यांत बुरशीपासून होणारं ॲफ्लाटॉक्सिन हे विषही सापडलं.

वनस्पतीची पावडर म्हणजे आपोआप शुद्ध, असंही नाही. झाडं जमिनीतून शिसं आणि कॅडमियमसारखे जड धातू शोषतात. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने २०२५ मध्ये तिथल्या पावडरी तपासल्या, तेव्हा वनस्पतीच्या पावडरींत शिशाचं प्रमाण दुधाच्या पावडरींपेक्षा सरासरी नऊपट निघालं. त्यांनी लावलेला निकष खूप कडक होता आणि एखाद्या ग्लासने कोणी आजारी पडत नाही. पण रोज दोन-तीन स्कूप वर्षानुवर्षं घेणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवं.

मग करायचं काय? १४ आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक आहे का बघा, तो ऑनलाइन तपासता येतो. कंपनी त्याच बॅचचा बाहेरच्या प्रयोगशाळेतला रिपोर्ट देते का बघा. जिममध्ये सुटी विकली जाणारी, पिशवीत भरलेली "इम्पोर्टेड" पावडर घेऊ नका. ॲलर्जी असेल तर अजिबातच नाही, कारण सुट्या पावडरीला ॲलर्जीची ओळ नसते.

किंमत ठरवताना किलोचा भाव बघू नका, प्रथिनाच्या ग्रॅमचा बघा. समजा २४०० रुपयांच्या डब्यात ३० स्कूप आहेत आणि प्रत्येकात २४ ग्रॅम प्रथिन. म्हणजे एकूण ७२० ग्रॅम, ग्रॅममागे साधारण ३ रुपये ३३ पैसे. याच पद्धतीने दोन डबे शेजारी ठेवले की स्वस्त वाटणारा डबा कधी कधी महाग निघतो.

नवी पावडर सुरू कशी करायची?

मोठा डबा घेऊ नका. एकेका स्कूपची पाकिटं मिळतात, त्यातलं एक-दोन घ्या. फ्लेवर नसलेली किंवा कमीत कमी घटकांची पावडर निवडा. पहिले तीन-चार दिवस अर्धा स्कूप, पाण्यात, काहीतरी खाल्ल्यावर. त्या आठवड्यात आहारात दुसरा कोणताही नवा पदार्थ आणू नका, नाहीतर त्रास कशाने झाला ते कळणार नाही. सगळं ठीक असेल तर पूर्ण स्कूप.

लॅक्टोजचा त्रास असणाऱ्यांसाठी मेडिकलमध्ये लॅक्टेजच्या गोळ्या मिळतात. दुधाच्या पदार्थाबरोबर घेतल्या की उपयोग होतो. ॲलर्जीवर त्यांचा शून्य परिणाम. पुन्हा तेच, साखर वेगळी आणि प्रथिन वेगळं.

पण पावडर हवीच आहे का?

आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरतं. ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. जोरदार व्यायाम करणाऱ्याला जास्त लागतं, पण २०२४ च्या त्यांच्या आहार मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळायलाच सांगितलंय. किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना न विचारता पावडर घ्यायचीच नाही.

दूध न चालणाऱ्याकडे स्वयंपाकघरातही पर्याय आहेत. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिन. ५० ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये जवळपास २५ ग्रॅम. १०० ग्रॅम डाळव्यात किंवा तुरीच्या कोरड्या डाळीत २० ते २२ ग्रॅम. उन्हाळ्यात गावी गेल्यावर आजी सातूचं पीठ पाण्यात कालवून गूळ घालून द्यायची. त्यात गव्हाबरोबर डाळवंच असायचं. दूध नसलेली प्रोटीन पावडर आपल्या घरात होतीच, फक्त डब्यावर स्नायूंचा फोटो नव्हता.

पावडर सोयीची आहे हे मान्य. सकाळी सातला जिम आणि नऊला ऑफिस असणाऱ्याला उसळ शिजवत बसायला वेळ नसतो. घ्यायची तर घ्या, फक्त पहिला प्रश्न "कोणती चांगली?" हा नको. "मला साखरेचा त्रास आहे की प्रथिनाचा?" हा हवा. साखरेचा असेल तर पाण्यात ढवळलेलं आयसोलेट बहुतेकदा पुरेसं. प्रथिनाचा असेल तर दुधाचा कोणताही डबा, कितीही महाग असला तरी, तुमच्यासाठी नाही.

आमचा तो दुसरा मित्र आता वाटाणा-तांदळाची पावडर घेतो. त्याच्या बॅगेत डॉक्टरांनी दिलेलं औषध असतं, आणि हॉटेलात गेलो की वेटरला ग्रेव्हीत क्रीम आहे का, ते आम्ही तिघं त्याच्या आधी विचारतो. जिममध्ये कोणी "दूध चालत नाही रे" म्हटलं की तो पहिल्यांदा विचारतो, "पोट फुगतं की ओठ सुजतात?"